भैरवीसाठी स्थळ

बिल्डरशी झालेल्या करारात सुमंतच्या कुटुंबाला तीन खोल्यांचा फ्लॅट, दोन पार्किंग आणि गच्चीवर तुळशीपुरती जागा मिळणार होती. घोडीचा उल्लेख कुठंच नव्हता. सुमंतने करार दोनदा वाचला, दुसऱ्यांदा चष्मा पुसून वाचला, पण एकोणतीस पानांत घोडी नव्हती ती नव्हतीच.

तीस वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांनी, म्हणजे दत्तोपंतांनी, मनीषनगरात घर बांधलं तेव्हा मागे ज्वारी उभी असायची आणि लोक विचारायचे, मास्तर, एवढ्या रानात कशाला? आता ज्वारीच्या जागी सहा-सहा मजले उभे होते आणि त्यांच्या गॅलऱ्यांतून लोक सकाळी चहा पिताना खाली घोडी बघत. एक तारखेला घर रिकामं करून द्यायचं होतं. पुढची दोन वर्षं भाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर काढायची. तिथं लिफ्ट होती, चार माणसांची.

घोडी आली ती देवाजीमुळे. देवाजी टांगेवाला. दत्तोपंत वीस वर्षं त्याच्या टांग्यातून शाळेत गेले आणि निवृत्त झाल्यावरही महिन्याचा किराणा इतवारीतून त्याच्याच टांग्यातून आणत राहिले, कारण वाटेत देवाजी त्यांचं गाणं ऐकून घ्यायचा. ही सोय घरात नव्हती. घोडीचं नाव भैरवी त्यांनीच ठेवलेलं. चार वर्षांपूर्वी देवाजीने टांगा मोडीत काढला, घोडी मास्तरांच्या फाटकाला बांधली आणि आठ दिवसांत येतो सांगून रामटेकला मुलीकडे गेला. नवव्या दिवशी जावयाचा फोन आला, की मामाजी गेले.

जाण्याआधी देवाजी फाटकात उभं राहून एकच गोष्ट बोलला होता. "मास्तर, आता हिच्या पाठीवर कोनाले बसू देऊ नका. लय झालं तिचं."

दत्तोपंतांनी मान डोलावली होती. आयुष्यभरात त्यांनी शाळेच्या संस्थाचालकांखेरीज कुणापुढे मान डोलावलेली नसल्यामुळे हा शब्द त्यांना फार जड झाला होता.

अट तेवढी एकच. पण घोडी शोधत असलेल्या माणसाला घोडीची पाठच हवी असते, हे सुमंतला पहिल्या आठवड्यात कळलं. इतवारीतल्या बँडवाल्याने वरातीसाठी लगेच नेली असती. पशुसेवा करणाऱ्या एका संस्थेने आधी अर्ज भरून घेतला, मग जागा नसल्याचं सांगितलं, आणि सुमंत उठायला लागला तेव्हा तुमच्याकडे अंगण आहे तर आमची दोन गाढवं महिनाभर ठेवता का, असं विचारलं. सुमंत कोषागारात बत्तीस वर्षं नोकरी करत होता. समोरच्याला परत पाठवण्याच्या सगळ्या पद्धती त्याला ठाऊक होत्या, पण ही नवीन होती.

शेवटी चारुलताने सूत्रं हातात घेतली. सुमंतची बायको सतरा वर्षं दर रविवारी वधूवर सूचक मंडळात बसत होती आणि तिने एकसष्ट लग्नं जमवली होती. त्यातली किती टिकली याची नोंद मंडळ ठेवत नसे.

"चांगलं घर शोधायचं आहे ना?" ती म्हणाली. "मग त्याची एक रीत असते. असं दारोदार विचारत फिरल्यानं किंमत राहत नाही."

तिने भैरवीचा बायोडाटा केला. रंग तांबूस, कपाळावर चंद्र. स्वभाव शांत, घरात मिसळून राहणारी. आवड: गाजर, संत्र्याची सालं, शास्त्रीय संगीत. अपेक्षा: निर्व्यसनी कुटुंब, स्वतःची जागा, पाठीवर बसणार नाहीत असे. सोबत तीन फोटो, एक समोरून, एक बाजूने आणि एक घरच्यांबरोबर. तिसऱ्यात दत्तोपंतांनी कोट घातला होता.

वयाच्या रकान्यात तिने बारा लिहिलं.

"एकोणीस," दत्तोपंत म्हणाले. "देवाजीच्या घरी जन्मली तेव्हा मी पेढे खाल्लेत."

"बाबा, एकोणीस लिहिलं तर फोनसुद्धा येणार नाही."

"खोटं लिहायचं?"

"थोरल्या वन्संच्या वेळी तुम्हीच दोन कमी केली होती."

दत्तोपंत उठून अंगणात गेले. त्या दोन वर्षांची जावयाला अजून कल्पना नव्हती. सुमंतला वाटलं आपण काहीतरी बोलावं, पण त्याच्या स्वतःच्या पत्रिकेतली उंची मोजून घ्यायची तयारी नसल्याने त्याने फोटो बायोडाट्याला टाचले.

बायोडाटा फिरला. अमरावती रोडवरच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर, जितेंद्र नावाचा, त्याचा फोन आला. बारा वर्षं त्याला पसंत होती. मुलं बसतात, वजन काही नसतं, दिवसाला फार तर चाळीस फेऱ्या, आणि आपले दोन्ही घोडे एकदम आनंदी राहतात सर, असं तो म्हणाला. सुमंतने वडिलांना विचारलं. वडील बादली घेऊन भैरवीकडे गेले, म्हणजे नाही.

आणि मग खाप्याचं स्थळ आलं.

ते आणलं वंदनाने. ती सुमंतच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसायची आणि तिचं माहेर खापा. तिचे काका रुपराव कन्हान नदीच्या काठी शेती करत. त्यांच्याकडे एक घोडा होता, त्याची जोडीदारीण दिवाळीत गेली तेव्हापासून घोडा एकटा उभा राहायचा आणि वैरण तशीच पडायची. काकांना घोडी पाहिजे होती. बसायला नाही, जुंपायला नाही, नुसती घोड्याजवळ उभी राहायला.

हे ऐकून दत्तोपंतांनी तीन आठवड्यांत पहिल्यांदा पूर्ण पोळी खाल्ली. नुसतं उभं राहण्याची नोकरी जगात असते आणि ती सरकारी नसते, यावर सुमंतचाही विश्वास बसेना.

रुपरावांचा फोन आला तो चारुलताने घेतला. ते हळू बोलत. घोडीला काही आजार आहे का, दुसऱ्या जनावराला मारते का, हे त्यांनी विचारलं. मग वय विचारलं. तिने बारा सांगितलं. मग त्यांनी पुन्हा विचारलं, बारा म्हणजे पुरी बारा काय?

चारुलताने एकसष्ट लग्नं जमवली होती. मुलाकडच्यांनी वय दुसऱ्यांदा विचारलं की त्यांना जास्त वाटतंय, हे तिला झोपेतही समजलं असतं.

"पुरी कुठली," ती म्हणाली. "अकरा संपून बारावं चालू आहे."

"असं काय," रुपराव म्हणाले. "बरं. कळवतो."

दोन दिवस गेले, चार गेले. सुमंतला वाटत होतं आपणच फोन करावा. चारुलताने करू दिला नाही. मुलीकडचे मागे लागले की लोचटपणा दिसतो, आणि घोडीतच काहीतरी खोट असेल अशी शंका येते, असं तिचं म्हणणं. वंदना भावाच्या बाळाच्या बारशासाठी रजेवर होती, तिला मध्ये घालणंही बरं दिसलं नसतं. आठ दिवस अशा रीतीने पूर्ण मानमरातब राखून वाया गेले. पॅकिंगवाला येऊन खोकी टाकून गेला. एक तारखेला पाच दिवस उरले, तेव्हा रविवारी सकाळी सुमंतने भाजी आणतो सांगून स्कूटर काढली आणि सावनेर रस्त्याने थेट खापा गाठलं.

रुपरावांचं शेत पाहून त्याला गलबलून आलं. एवढं चांगलं स्थळ त्याच्या बहिणींनाही मिळालं नव्हतं. कडूनिंबाची सावली, खाली वाळू पसरलेली, पाण्याची टाकी, पलीकडे नदी. रुपराव सत्तरीला टेकलेले, डोक्याला दुपट्टा. त्यांच्या बायकोने, प्रेमिलाबाईंनी, ओळख विचारण्याआधी पाणी दिलं.

कडूनिंबाखाली घोडा उभा होता, पाठ वाकलेली, तोंड पांढरं झालेलं. त्याच्या मानेवर मान टाकून एक करडी घोडी उभी होती. दोघंही काही करत नव्हती.

"ही?" सुमंतने विचारलं.

"बुधवारीच आनली," रुपराव म्हणाले. "केळवदची. बावीस वर्साची हाये. आली अन् यानं त्याच दिवशी वैरनीले तोंड लावलं." मग त्यांना काहीतरी जाणवलं असावं. "तुमाले राग तं नाई आला ना भाऊ? तुमची घोडी लय नामी होती. फोटो पाह्यला मी. पन बारा वर्साची. हा माहा तेवीसचा. हा मेल्यावर ते एकटी पडन, अन् मी मेल्यावर तिचं कोन करन? मले म्हातारीच पायजे होती."

सुमंतने हातातला पेला खाली ठेवला.

"ती एकोणीस वर्षांची आहे," तो म्हणाला.

रुपरावांनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. आजारी जनावराकडे बघावं तसं पाहिलं.

"मंग तसं लिवलं काहून नाई भाऊ?"

याचं उत्तर सुमंतकडे होतं, पण ते थोरल्या बहिणीच्या लग्नापासून सुरू झालं असतं. तो म्हणाला, चूक झाली. मग, आवाज शक्य तितका सहज ठेवून, त्याने विचारलं की तीन राहू शकणार नाहीत का. रुपरावांनी कडब्याच्या गंजीकडे पाहिलं, प्रेमिलाबाईंनी रुपरावांकडे पाहिलं.

"पावसाळ्यापर्यंत दोघायलेच पुरते का नाई, याची पंचाईत हाये," त्या म्हणाल्या. "जेवून जा पन."

तो जेवला. नाही म्हणण्याचं बळ नव्हतं. वांग्याची भाजी होती आणि ती फार चांगली झाली होती, याचंही त्याला वाईट वाटलं.

परतताना त्याने रस्त्याच्या कडेला स्कूटर थांबवून जितेंद्रला फोन लावला. जितेंद्रला लगेच आठवलं. पाठवा सर, तो म्हणाला, सीझन सुरू आहे, उद्याच गाडी पाठवतो. फक्त रजिस्टरला लिहायचं म्हणून पुन्हा विचारतो, वय बाराच ना?

सुमंतच्या समोरून संत्र्यांनी भरलेला एक टेम्पो गेला. बारा म्हटलं की उद्या गाडी येणार होती. एक तारखेला अंगण मोकळं. दिवसाला चाळीस फेऱ्या.

"एकोणीस," तो म्हणाला.

"अरे बाप रे," जितेंद्र म्हणाला. "मग नाही जमणार सर. तुम्ही आधीच सांगायला पाहिजे होतं ना."

घरी पोचायला साडेतीन झाले. सुमंतच्या हातात भाजी नव्हती आणि ते चारुलताच्या लक्षात आलं, पण ती खोक्यावर चिकटपट्टी लावत राहिली. दत्तोपंत अंगणात बादली धरून उभे होते. भैरवी त्यातून पाणी पीत होती, सावकाश, जशी ती सगळंच करायची. वरच्या गॅलरीतून कुणीतरी मोबाइलवर फोटो काढत होतं.

"खाप्याला गेला होतास?" दत्तोपंतांनी विचारलं.

"हो."

"काय म्हणाले?"

सुमंतने चपला काढल्या, एकावर एक नीट ठेवल्या.

"कळवतो म्हणाले."

दत्तोपंतांनी दोन मुली उजवल्या होत्या. त्या शब्दाचा अर्थ त्यांना सांगावा लागत नसे. त्यांनी बादली थोडी तिरपी केली, म्हणजे तळाचं पाणी तिच्या तोंडापर्यंत येईल, आणि तिचं पिऊन होईपर्यंत तशीच धरून ठेवली.