माउलीचं हसू

"हे मेंढरू हाय का कापसाचं बोचकं?" म्हाळसाबाई पुस्तक डोळ्यांशी धरून पुटपुटली. "ना कान धड, ना शेपूट. काढणाऱ्यानं जल्मात कळप बघितला न्हाई."

शेजारी शेंगा फोडत बसलेला तिचा नवरा अंबाजी म्हणाला, "लेकरांचं पुस्तक हाय ते. तुला काय बाजारात न्यायचंय व्हय त्याला?"

अंबाजीच्या बापापर्यंत घरात मेंढरं होती. आता तूर होती, आणि दोघंच होते. लेक सुनीलकुमार बेंगळुरूहून बायकोपोरांसकट येणार असं कळल्यावर, म्हाळसाबाई सोलापूरला डोळे दाखवायला गेली तेव्हा तिनं हे पुस्तक घेतलं. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली बाई. सगळं पुस्तक तिनं चुलीपुढं बसून पाठ केलं. शेवटचा शब्द आपण गिळायचा आणि पोरांनी ओरडायचा, असा तिचा बेत होता.

पोरं आली. तिला 'अज्जी' म्हणू लागली. एक ज जास्तीचा, पण म्हाळसाबाईनं तो पदरात घेतला.

"गोठ्यात उभी गोरी गाय, चिखलात रुतला तिचा—"

थोरला अमरदीप छताच्या पत्र्याकडं बघत राहिला. धाकटी माउली अंगठा चोखत.

"लाजायलेत," सुनील म्हणाला.

"झोप झाली नाही, अत्ती," सून श्रीदेवी म्हणाली.

"आजून ओळख व्हायचीय," अंबाजी म्हणाला.

घरात कारणांना तोटा नव्हता. म्हाळसाबाईनं मग कन्नड काढलं. पण तिचं कन्नड जवळच्या आळंदच्या बाजाराचं, पोरांचं बेंगळुरूच्या शाळेचं. अमरदीपनं आईकडं असं बघितलं, की अज्जी कुठल्या देशाची, हे तिनंच सांगावं.

एक मात्र झालं. पुस्तकातली गाय दिसली की माउली तोंडातला अंगठा काढायची, गाईवर बोट टेकवायची आणि आजीकडं बघून म्हणायची, "हसू!"

एवढा एक शब्द! म्हाळसाबाई सगळे दात दाखवून हसायची. तिला हसताना बघून माउली खिदळायची, परत म्हणायची, "हसू!" परत आजी हसायची. मेंढी, कोंबडा, बदक सगळे मागं पडले. दोघी गाईच्या पानावरून हलेनात.

"बघा," म्हाळसाबाई शेजारणीला सांगायची, "नात मला हसायला लावती. आजी, हस म्हणती. कुणी शिकीवलं व्हय तिला?"

श्रीदेवी हे ऐकून आत जायची. सुनील मोबाइल काढायचा.

जायच्या दिवशी कलबुर्गीच्या गाडीसाठी दारात जीप आली. बॅगा निघाल्या. म्हाळसाबाईनं माउलीला मांडीवर घेऊन शेवटचं एकदा पुस्तक उघडलं होतं, तेवढ्यात शेजारच्या जगदेवीची म्हैस आणि गाय रस्त्यानं पाण्याला निघाल्या. माउली मांडीवरून उतरली, उंबऱ्यात उभी राहिली आणि रस्त्याकडं हात करून ओरडली, "अज्जी, हसू! हसू!"

म्हाळसाबाई हसणारच होती. पण पोरगी तिच्याकडं बघत नव्हती. पोरगी गाईकडं बघत होती.

"श्रीदेवी," तिनं हळूच विचारलं, "तुमच्यात गाईला काय म्हणतेत?"

"आमच्या घरी आकळ," श्रीदेवी पदराशी चाळा करत म्हणाली. "शाळेत... शाळेत हसु शिकवतात, अत्ती."

जीपवाल्यानं हॉर्न दिला. अंबाजी उगाच शेंगांची टरफलं गोळा करू लागला.

"सांगायचं न्हाई का ग?"

"तुम्ही इतक्या हसत होता," श्रीदेवी म्हणाली.

सुनीलनं घाईघाईनं पुस्तक उचलून बॅगेत कोंबलं. "नेतो हे, माय. तिकडं वाचतील. पुढच्या खेपेला बघ, सगळं घडाघडा म्हणून दाखवतील. लाजायलेत आजून, दुसरं काय न्हाई."

म्हाळसाबाईनं माउलीचा झगा सारखा केला. पोरीनं तिच्या गळ्यात हात टाकला आणि कानाशी काहीतरी लांबलचक सांगितलं. सगळं गोड, आणि सगळं तिकडचं. तिनं मान डोलावली, पोरीला लेकाच्या हातात दिलं.

"लाजत न्हाईत ती, सुनील," ती म्हणाली. "त्यायला मी कळत न्हाई."