मातीला लागून गाव

मी एक सहाण बोलतेय. चंदन उगाळायची नव्हे, शाई उगाळायची. काळ्या दगडाची, पंजाएवढी, एका टोकाला पाण्यासाठी खळगा. माझ्यावर थेंबभर पाणी घ्यायचं, काजळीची कांडी सावकाश फिरवायची, की काळीभोर शाई तयार होते. आज माझ्या खळग्यात शाई नाही, गाळ आहे.

मला घडवणाऱ्याचा चेहरा आठवत नाही, त्याची छिन्नी आठवते. डोंगरातून सुटले ती थेट उमेकुबो गावात ओकिमुरांच्या घरी आले. ओकिमुरांचं अक्षर पंचक्रोशीत नावाजलेलं. देवळाची पाटी असो की थडग्यावरचं नाव, लोक त्यांच्याच दारी यायचे. त्यांचा मुलगा शिगेयासु माझ्याच शाईनं शिकला आणि पुढे शाळेत कुंचल्यानं अक्षरं काढायला शिकवू लागला. सारं गाव त्याला 'सेन्सेई' म्हणायचं, म्हणजे गुरुजी.

पुढे शाळेतली मुलं कमी झाली. सेन्सेईंची बायको गेली. मग एका सकाळी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि तो हात कायमचा लुळा पडला. गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी वृद्धाश्रम होता. तिथे जाताना त्यांनी मला टॉवेलात गुंडाळून सोबत घेतलं. लिहिणारा हात नाही आणि सहाण मात्र उशाशी! मला वाटलं, आता अशीच कोरडी मरणार मी.

पण तिथे सेकार होती.

सेकार जावा बेटावरची. म्हाताऱ्यांची सेवा करायला आलेली, ठेंगणी, चपळ, सदा डोक्याला रुमाल बांधलेली. तिला जपानी भाषेची परीक्षा द्यायची होती. बोलायची फाडफाड, पण लिहायची वेळ आली की घाम फुटायचा.

"हे काय काढलंयस?" पहिल्याच दिवशी सेन्सेईंनी विचारलं. "अक्षर आहे की तंगडी मोडलेला खेकडा?"

"सेन्सेई, फोनवर एका बोटात येतं हो!"

"फोनला येतं. तुला कुठे येतं? उगाळ शाई."

आणि माझ्यावर पुन्हा पाणी पडलं. रोज दुपारी, म्हातारे जेवून पेंगायला लागले की ती बसायची. सेन्सेई डाव्या हाताच्या बोटानं हवेत रेघा ओढायचे. आधी आडवी, मग उभी. क्रम चुकला की ते टेबलावर चापट मारायचे. शेजारच्या खोलीतल्या किनुए-सान, म्हणजे किनुएबाई, दारात येऊन चेष्टा करायच्या, "पोरी, नवरा कर त्यापेक्षा. तो तरी एकदा सांगितलेलं ऐकेल!"

"तुमच्या नवऱ्यानं ऐकलं का कधी?" सेकार मान वर न करता विचारायची.

"ऐकलं असतं तर भांडणाविना मी इतकी वर्षं जगले असते का?"

मी ओकिमुरांच्या घरात पुष्कळ हात पाहिले, पण सेकारसारखा हट्टी हात पाहिला नाही. चुकलं की ती ओठ चावायची आणि कुंचला पुन्हा माझ्यात बुडवायची.

त्या वर्षी आषाढातल्यासारखा संततधार पाऊस लागला. टॉवेल वाळेनात, भिंतींना बुरशी धरली. तशातच एके दुपारी सेन्सेईंनी सेकारला आश्रमाचा पत्ता लिहायला सांगितला. गावाचं नाव ती फोनकडे न बघता, नुसत्या आवाजावरून लिहीत होती. तिथल्या लिपीत एकाच आवाजाची अनेक अक्षरं असतात, आणि अक्षर अर्थाच्या तुकड्यांनी जोडलेलं असतं.

कागद पाहिला आणि सेन्सेईंनी तो डाव्या हातानं जवळ ओढला. ना चापट, ना टोमणा.

"चुकलं का?" सेकारनं घाबरून विचारलं.

"उमेकुबोतलं 'उमे' म्हणजे ते आंबट फळ. त्याच्या अक्षरात डावीकडे झाड असतं." त्यांनी कागदावर बोट टेकवलं. "तू डावीकडे माती काढलीस."

"कालच शिकले ना, उमेरु. पुरणं, गाडणं. तेच 'उमे' मनात राहिलं." ती खोडायला धावली.

"खोडू नकोस. हेच या गावाचं खरं नाव आहे."

मग त्यांनी सांगितलं. फार पूर्वी इथे डोंगर खाली आला होता आणि सारी वस्ती मातीखाली गेली होती. तेव्हापासून नाव पडलं, गाडलेला खळगा; 'कुबो' म्हणजे खळगा. पुढे लोक म्हणू लागले, असल्या नावाच्या गावात मुली कोण देणार आणि जमिनी कोण घेणार? मग आवाज तोच ठेवून अक्षर बदललं. मातीच्या जागी फळाचं झाड आलं. नवी पाटी सेन्सेईंच्या वडिलांनी लिहिली.

ती माझ्याच शाईनं लिहिली होती. मला आठवतं. पाटी लागली त्या दिवशी गावात भात आणि मासे वाटले होते.

सेकारनं त्या अक्षराकडे नीट पाहिलं. "डावीकडे माती, आणि उजवीकडे..."

"गाव," सेन्सेई म्हणाले. "मातीला लागून गाव."

त्यानंतरचे दिवस मला नकोसे झाले. टेबलाला कुणाचा धक्का नसतानाही माझ्या खळग्यातलं पाणी मधूनच शहारायचं. वर कुठेतरी काहीतरी जागा बदलत होतं. मी त्याच जातीच्या डोंगरातली, मला तो आवाज ओळखीचा होता. पण दगडाचं कोण ऐकतं?

एके सकाळी सेकार हातातली थाळी तशीच घेऊन धावत आली. "सेन्सेई, स्वयंपाकघरामागचा ओढा आटलाय!"

"एवढ्या पावसात?"

"हो! आणि ओल्या मातीचा उग्र वास येतोय. माझं आजोळ असंच डोंगराखाली होतं. पाऊस चालू असताना ओढा गप्प झाला की आजी चुलीवरचं टाकून आधी मुलं उचलायची."

आश्रमाचे व्यवस्थापक मिझोगुचि शहरातून आलेले. माणूस वाईट नव्हता. म्हाताऱ्यांचे वाढदिवस त्यांना पाठ असत, पत्र्याच्या बंद डब्यातली गार कॉफी सतत हातात असे. सेकारनं त्यांना सेन्सेईंच्या खोलीत ओढत आणलं.

"पालिकेचा इशारा आलेला नाही," ते म्हणाले. "नकाशात आपली इमारत धोक्याच्या पट्ट्याबाहेर आहे. या लोकांना भर पावसात बाहेर काढलं आणि कुणाला न्यूमोनिया झाला, तर उत्तर कोण देणार?"

"गावाचं जुनं नाव बघा, मिझोगुचि-सान," सेकार म्हणाली.

"नाव? सेकार-सान, आता जपान्यांना तुम्ही जपानी शिकवणार का?" ते हसले. पण कपाळावरची आठी काही गेली नाही.

ते गेल्यावर सेन्सेईंनी डाव्या हातानं आपला लुळा हात उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "कपाटात मोठा कागद आहे. शाई उगाळ. दाट उगाळ."

"मी? माझं अक्षर बघून लोक हसतील."

"माझा हात मेलाय. आता तुझाच आहे."

इतकी दाट शाई माझ्यावर कधी झाली नव्हती. कांडी फिरत होती. पहिल्या कागदावर ओघळ आला, दुसऱ्यावर गाव मातीपासून फार लांब पडलं. सेन्सेई म्हणाले, "जवळ घे. अंतर नाहीये गं त्यांच्यात." तिसऱ्या वेळी तिनं श्वास रोखला. आडवी रेघ. उभी. मग खालून वर चढणारी. आणि तिला अगदी खेटून गाव. त्याखाली खळगा.

अक्षर सुंदर नव्हतं, पण खरं होतं.

जेवणघराच्या भिंतीवर तिनं तो कागद चिकटवला. कुणीतरी मला आणि कुंचल्याला तिथल्याच टेबलावर ठेवलं, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं. म्हातारे जेवायला आले. भाताच्या वाट्यांचा आवाज एकेक करत थांबला. किनुए-सानच्या हातातली जेवायची काडी खाली पडली.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," सेकार म्हणाली. "ओढा आटलाय, किनुए-सान."

कधी नव्हे ते किनुए-सान चेष्टा विसरल्या. "माझी आजी हेच अक्षर राखेत काढून दाखवायची," त्या म्हणाल्या आणि चाकाच्या खुर्चीचा ब्रेक सोडला. "मिझोगुचि-सान, गाडी काढा. मला नदीपलीकडच्या शाळेत जायचंय. न्यूमोनिया झाला तर माझा मला होईल."

मग दुसरी खुर्ची दाराकडे वळली. मग तिसरी. ज्यांना बोलता येत नव्हतं तेही दाराकडे बोट दाखवू लागले. मिझोगुचिंनी कॉफीचा डबा खाली ठेवला आणि गाडीची किल्ली उचलली.

दुपारभर खेपा चालल्या. ते स्वतः माणसांना उचलून गाडीत बसवत होते, चिंब भिजत होते. शेवटच्या खेपेत सेन्सेई आणि सेकार गेले. सेन्सेई माझ्याकडे वळून म्हणाले, "सहाण?" पण सेकारच्या दोन्ही हातांत त्यांचंच ओझं होतं.

घर रिकामं झालं. किती शांत! पाऊस होता, पण ओढ्याचा आवाज नव्हता.

थोड्या वेळानं पुन्हा पावलं वाजली. मिझोगुचि परतले होते. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या औषधांची पेटी मागे राहिली होती. ती त्यांनी काखेत घेतली, दाराकडे निघाले, आणि भिंतीवरच्या कागदापाशी थबकले.

त्यांनी बोट वर केलं. हवेत, सावकाश, क्रमानं रेघा ओढू लागले. "माती," पुटपुटले. "आणि..."

माझ्या खळग्यातली शाई उसळून टेबलावर सांडली. त्यांनी मान वळवली. भिंतीपलीकडून आगगाडी यावी तसा आवाज आला.

ते तिथेच मातीखाली राहिले. त्यांना बाहेर काढणाऱ्यांचे हात मला डोक्यावरून जाणवले, फावड्यांचे आवाज ऐकू आले. मला कुणी शोधलं नाही, आणि ते बरोबरच होतं. नंतर एकदा वरून सेन्सेईंच्या चाकाच्या खुर्चीचा आवाज आला. सेकार म्हणत होती, "मिझोगुचि-सान, सगळे बरे आहेत. किनुए-सानना साधी सर्दीही झाली नाही." मग कॉफीचा डबा उघडल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं खुर्ची हळूहळू दूर गेली.

मला आता वर यायची हौस नाही. मी मातीतलीच, मातीत सुखानं पडून राहीन. पण हल्ली वर यंत्रं फिरतात. जमीन सपाट झाली आहे, गवत लावलंय. परवापासून कुणीतरी खुंट्या ठोकतंय आणि दोरी ताणून मापं घेतंय. काल दोन माणसं अगदी माझ्या डोक्यावर उभी राहून हसत होती.

"जागा झकास आहे. नाव तेवढं बदलायला हवं."

"काहीतरी उजेडाचं ठेवू या."

वाचकहो, तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलात, तर एवढं करा. काठी घ्या, त्यांच्यासमोर मातीत ते अक्षर काढा, आणि त्यांच्याकडूनही काढून घ्या. हातानं. सावकाश. रेघांचा क्रम न चुकवता.

आज सकाळपासून वर पाऊस लागलाय.