पानबाईंच्या नावाचं वन

जुन्नरच्या पेठेतले कापडवाले दलीचंदशेठ यांना आईच्या नावानं काहीतरी जिवंत उभं करायचं होतं. बाकडं नको, पाणपोई नको, जिवंत. जैन रिवाजाप्रमाणे पानबाई आयुष्यभर पाणी गाळून प्यायल्या आणि फडक्यात अडकलेले जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत सोडून आल्या. अशा बाईच्या नावानं वन हवं, पाचशे वड-पिंपळांचं. आणि ते कुठं लावायचं, तर म्हणे मढच्या वरच्या कातळावर! का, तर वनखात्यातल्या एका साहेबांच्या नकाशात तो कातळ 'उजाड' होता आणि हवामानबदलावर उपाय म्हणून झाडं लावा, असं त्यांना वरून पत्र आलेलं. आता पत्राला खडक काय कळणार, कपाळ?

दोन वर्षं रोपं वाळली. शेठ खचले नाहीत. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात त्यांनी खडक फोडायचा ब्रेकरच आणला.

"शेठ, हितं झाड न्हाई टिकत," कातळावर गुरं चारणारा सयाजी म्हणाला. "पर उजाड बी नाय हे. श्रावणात या, सगळा कातळ फुलतो. आन् आता पाऊस लई लहरी झालाय, पंधरा-पंधरा दिस दडी मारतो. बाकी डबकी आटत्यात. मग बेडकं, किडं, समदे या एका खोल डबक्यावर जगत्यात."

"म्हणजे पाणी आहे," शेठ खूश झाले. त्यांनी नेमकं तेवढंच ऐकलं. "मग खड्डे याच्याच कडेला घ्या."

ब्रेकर दिवसभर धडधडला. चाळीस खड्डे झाले, साहेबांनी फोटो काढले, 'पानबाई स्मृतिवन' असा मोठा फलक लागला.

आठवड्यानं शेठ रोपं घेऊन आले. पावसानं दडी मारलेली, आणि डबकं रिकामं. ब्रेकरच्या हादऱ्यांनी खडकाला चीर गेली होती, पाणी तिच्यातून उतरून गेलेलं. तळाच्या चिखलात बेडकांची शेकडो पिल्लं वळवळत होती.

 शेठ गुडघ्यावर बसले, खिशातला रुमाल काढला आणि पिल्लं हलक्या हातानं टिपून रोपांसाठी आणलेल्या पाण्याच्या बादलीत सोडू लागले. आई करायची तसंच. ऊन कललं तेव्हा बादली भरली.

"आता कुठं सोडू, सयाजीभाऊ?"

सयाजीनं आजूबाजूची कोरडी डबकी पाहिली, मग चाळीस कोरडे खड्डे पाहिले.

"जिथली तिथं सोडायची असत्यात ना तुमच्यात?" त्यानं विचारलं.

 बादली घेऊन शेठ फलकाच्या सावलीत जाऊन बसले. स्मृतिवनात सावली तेवढीच होती.