लाल हेरल्डच्या पुढच्या स्प्रिंगा

संताप कसा करायचा हे माझ्या माहेरी कुनाला शिकवावं लागत न्हाई. पन त्या लाल गाडीनं मला जेवढं जाळलं, तेवढं सासूनंबी जाळलं न्हाई.

आमच्या मालकाचं नाव गहिनीनाथ. एरवी मी त्यांचं नाव घेत न्हाई, आज घेनार. देवळाली प्रवरेत शर्यतीचा विषय निघाला की आधी ह्यांचं नाव निघायचं. शर्यतीचा छकडा म्हंजे काय, दोन चाकं, उभं राहायला एक फळी आन् पुढं उधळलेले दोन बैल. असल्या फळीवर शहाना मानूस पाय ठेवंल का? पन न्हाई, ह्यांना वारा प्यायचा हुता! एका शर्यतीत चाक दगडावर चढलं, हे खाली पडले आन् छकडा कंबरेवरनं गेला.

हाडं जुळली. उठून चालाय लागले. पन डॉक्टरनं मला न् ह्यांना समोर बसवून सांगितलं, "मनक्यात शीर दाबली गेलीय. आता कंबरेला दनके बसता कामा नयेत. बसत राहिले तर पाय कायमचे जातील." मी ऐकलं. ह्यांनीबी ऐकलं, मान हालवून ऐकलं.

बैल विकले तवा मी देवापुढं नारळ फोडला. लई घाई केली मी. दिवाळीच्या आत पुन्याहून एक लाल हेरल्ड दारात येऊन उभी राहिली. दोन दारांची, भुईला चिकटलेली, कुन्या पारशानं शर्यतीला पळवलेली. सगळी आळी बघाय गोळा झाली. मी चुलीपाशीच बसून राहिले.

"बसून चालवायची हाय," हे म्हनाले. "बसलेला मानूस पडनार कुठनं?"

"तुमच्या अकलंला काय म्हनावं!" मी म्हनले. "पडायची भीती न्हाई, दनक्याची हाय."

आमचं दुकान कोल्हारला. इंजिनाचं न् पंपाचं सामान. जड उचलायचं काम माझ्याकडं आलेलं, हे गिऱ्हाइकाशी बोलनार. म्हंजे रोज जानं-येनं दोघांचं, त्याच गाडीतनं. आन् साल कुठलं, तर बहात्तरचं! दुष्काळी कामावर बायाबापड्यांनी फोडलेली खडी रस्त्याला टाकलेली, वर मुरूम न्हाई, रोलर न्हाई. पारशानं गाडीच्या पुढच्या चाकांना शर्यतीच्या स्प्रिंगा घातलेल्या, आखूड न् टनक. वळनाला गाडी झुकत नसंल, पन खडीवर खलबत्त्यात घातल्यासारखं कुटायची. माझी धडधाकट कंबर रात्री ठनकायची. ह्यांच्या कंबरेत काय हुत असंल?

"गाडी विका, न्हाईतर स्प्रिंगा बदला," मी म्हनले.

"मऊ स्प्रिंगा घातल्या की गाडीची म्हस हुती."

"होऊ द्या म्हस. म्हशीवरनं पडून कुनी लुळं झालेलं मी ऐकलं न्हाई."

तरी ऐकनात. मग मी भांडी आपटली, अबोला धरला, भाकरी पुढं सरकवून पाठ फिरवून बसले. शेवटाला म्हनले, "उद्यापास्नं मी एसटीनं जानार, आन् जड सामान तुमी उचला." तवा कुठं ह्यांचा कान हालला.

नगरला रंगनाथ मिस्त्रीकडं गेलो. त्यानं फरशीवर दोन जोड्या मांडल्या. एक जाड तारेची, एक बारीक तारेची. स्प्रिंगच्या पोटातच दनका खानारा शॉकप बसवायचा, दोन्ही मिळून एकच नग. मिस्त्री म्हनाला, "वैनी, ही जाड जोडी जोरात पळवायला. ही बारीक रोजच्या वापराला. पोटातलं पानी हालनार न्हाई."

"बारीक घाला," मी म्हनले.

ह्यांनी जाड स्प्रिंग हातात घेतली आन् बैलाचं वशिंड कुरवाळावं तसा तिच्यावरनं हात फिरवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ठिवा ती खाली," मी म्हनले. ठिवली. निमूटपनी ठिवली, तिथंच मी फसले. "काम व्हायला येळ लागंल, तू तवर बाजार करून ये," म्हनाले. मी आपली पिशवी घेऊन गेले.

येताना गाडी अशी चालली म्हनता! खडीवरबी पाळन्यात बसल्यासारखं वाटलं. मी डोळे मिटले. "आता बरं वाटतं न्हवं कंबरेला?" इचारलं. "लई बरं," म्हनाले. दुकानात येनाऱ्या-जानाऱ्याला मी सांगितलं, आता आमच्या मालकाची काळजी मिटली. चार बायांना तर गाडीत माझ्या जागेवर बसवून दाखवलं. एकीलाबी, मलाबी, ड्रायव्हरच्या जागेवर बसून बघावं असं वाटलं न्हाई. बाईमानूस तिथं बसतंय कशाला!

उन्हाळा लागला. एक दिवस कोल्हारच्या अलीकडं शेळ्यांचा कळप आडवा आला. मी वरडले, "ब्रेक!" आन् ह्यांनी काय करावं? मान खाली घातली. पायाकडं बघितलं. पाय कुठं हाय ते डोळ्यांनी बघितलं आन् मग ब्रेक दाबला. गाडीनं माझ्या बाजूनं खाली नाक खुपसलं, डावीकडं भेलकांडली आन् पाटाच्या चारीच्या कडंला थांबली. शेळ्या वाचल्या. शेळ्यांवाली म्हातारी आमच्या सात पिढ्या उद्धारत निघून गेली, ते बरोबरच केलं तिनं.

मी खाली उतरले. "उतरा," म्हनले. "आत्ताच्या आत्ता उतरा." उतरले. उतरताना दाराला धरून डावा पाय हातानं उचलून भाईर ठिवला. हे मला कसं दिसलं नव्हतं इतके दिवस? रोज मी आधी उतरून दुकानाचं कुलूप काढाय पळायचे, म्हनून.

मग गाडीकडं बघितलं. सपाट रस्त्यावर उभी, पन तिरकी. माझी बाजू खाली, ह्यांची बाजू वर. मी माझ्या बाजूनं बॉनेट दाबलं. मऊ दबलं, वर आलं. तिकडं गेले, ह्यांच्या बाजूनं दाबलं. दोन्ही हातांनी दाबलं, सगळा भार टाकला. जागचं हालंना.

"अवो," मी म्हनले, "ही कुठली स्प्रिंग?"

हे लांब गेलेल्या शेळ्यांकडं बघाय लागले.

"गहिनीनाथ!" मी भर रस्त्यात नवऱ्याचं नाव घेतलं. "ही कुठली स्प्रिंग?"

"जाड," म्हनाले. "तुझ्याखाली बारीक घातली, माझ्याखाली जाड. मिस्त्री नको म्हनत हुता. मीच म्हनलं, घाल. एक बैल दांडगा न् एक कमजोर असला तर आपन जुपत न्हाई का? कमजोर बैलाकडं जू लांब सोडायचं, की जोडी सरळ चालती. मला वाटलं, तसंच हातानं सांभाळून घेईन."

माझं तोंड सुटलं ते थांबंना. "गाडीला बैल समजता? बैल तुमचं ऐकतो, लोखंड ऐकतंय व्हय? मला पाळन्यात बसवलं आन् सोता उखळात बसला! मी जगाला सांगत फिरले की माझा नवरा बरा हाय, आन् माझ्या हातभर अंतरावर तुमी रोज कंबर फोडून घेत हुता! एवढी गाडी पळवायची हौस? पाय जाऊ द्या पन गाडी पळू द्या, असंच न्हवं?"

"पळवायला न्हाई गं," म्हनाले.

"मग कशाला? कशाला, सांगा तरी!"

हे खडीच्या ढिगावर बसले. बसताना पाय परत हातानं सारखा केला. "मऊ गाडीत मला काय कळत न्हाई, चांगुणा. कंबरेखाली सगळं गप झालंय. आधी डावा पाय गेला, आता उजवाबी चाललाय. खाली चाक फिरतंय का थांबलंय, कळत न्हाई. हादरा बसला, वर छातीपत्तुर आला, की वाटतं मी हाय. गाडीत हाय. न्हाईतर नुसतं धोतर-सदरा नेऊन सीटवर ठिवल्यागत वाटतं."

मी काय करायला पायजे हुतं? बाया रडत्यात. मला रडू आलं, पन त्याच्या आधी राग आला आन् राग काय जाईना. एवढी गोष्ट मानसानं बायकोपास्नं लपवावी? आन् जे हाय ते कळावं म्हनून जे उरलंय तेच कुटून काढावं? असल्या मानसाला देवानं बैल तरी का दिले, पाय तरी का दिले!

दुसऱ्या दिवशी भावकीतला ड्रायव्हर घेऊन मी एकटी नगरला गेले. रंगनाथ मिस्त्री मला बघून उठूनच उभा राहिला. "वैनी, मी सांगत हुतो त्यांना—"

"मला सांगायचं हुतंस," मी म्हनले. "दोन्हीकडं बारीक घाल. आन् ह्या बारीला मी इथनं हालनार न्हाई." तो घालीस्तवर मी तिथंच ठान मांडलं. चहा आला तोबी घेतला न्हाई.

डॉक्टरनं ह्यांना तपासलं, टाचनी टोचून बघितली. आता गेलेलं परत येनार न्हाई म्हनाला, पन दनके बंद झाले तर वरचं तरी राहील. गाडी चालवायची न्हाई, हे मी डॉक्टरच्या आधी सांगितलं. मग गाडी कोन चालवनार? पानी नसल्यानं आमचं उसाचं रान मोकळं पडलं हुतं. तिथंच मी चालवायला शिकले. गाव बांधावर बसून हसत हुतं. दिवसभर इंजिनाची हॅन्डलं मारनाऱ्या बाईला एक चाक फिरवायला कितीसं अवघड! हे बांधावरनं वरडायचे, "क्लच दाब की, म्हशे!" मी आतनं वरडायचे, "म्हस तुमची गाडी!"

मग एक दिवस सकाळी ह्यांना डावीकडं बसवलं, पाय उचलून आत ठिवले, दार लावलं. मी पदर खोचून उजवीकडं बसले. रस्त्याला लागलो. खडी तशीच हुती, पन गाडी लोन्यातनं सुरी गेल्यावानी चालली. पानी हाललं न्हाई पोटातलं. कुठंतरी मलाबी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे समोर बघत बसलेले, हात मांडीवर ठिवलेले.

"कसं वाटतंय?" मी इचारलं.

"काय न्हाई," म्हनाले. "कायच वाटत न्हाई."

माझं डोकंच फिरलं. गाडी तिथंच मधी थांबवली. मागनं टेम्पोवाला हॉर्न मारतोय, मारू दे. मी ह्यांचा दंड धरला, सदऱ्यावरनंच, आन् दोन बोटांत धरून असा पिरगाळला, असा पिरगाळला की हे सीटवर ताठ झाले.

"आई आई गं! चांगुणे, सोड! मेलो की!"

"हाय न्हवं गाडीत?" मी म्हनले. "मग गप बसा."

आन् पुढं पूल येईस्तवर तो दंड काय मी सोडला न्हाई. एका हातानंच चालवली गाडी.