अंगाऱ्याची चिमूट

थेरगावच्या आबाजींचा देव एका जागी कधी बसला नाही. पारावर चार डोकी जमली की ते सुरू व्हायचे, "तो चराचरात भरलाय रं! या मुठीतल्या हवेतबी हाय!" त्यांचा मुलगा ज्योतीराम मान डोलवायचा, पण ती झोपेनं. न दिसणाऱ्या देवाशी त्याचं जमायचं नाही. त्याचा भरवसा मोरयाच्या देवळातल्या अंगाऱ्यावर. नवा नांगर असो की नवी म्हैस, चिमूटभर लावला की काम फत्ते.

सत्तावन्न साली तो चिंचवडच्या एका लहानशा कारखान्यात लागला. इंजेक्शनच्या बाटल्या भरायच्या, त्याही आंघोळ करून, पांढरे कपडे घालून, तोंड बांधून. हे तर सोवळंच, म्हणून गडी खूश. एक दिवस नवं मशीन आलं. मग काय, शहाण्यानं कमरेची पुडी सोडली, नळीला अंगारा लावला आणि दिवसभर चारशे बाटल्या भरल्या.

संध्याकाळी कपडे बदलताना पुडी हाती आली, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. राख म्हणजे धूळच की! कुणी पाहिलं नव्हतं. गप्प बसता तर नोकरी शाबूत होती. पण ते औषध कुणाच्या तरी लेकराच्या रक्तात जाणार होतं. तो तसाच तपासणीच्या कुसुमताईंकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

"धन्य आहे तुमची!" बाई कडाडल्या. "ती पुडी इकडे द्या."

त्यांनी जंतूंचं खाद्य घातलेल्या काचेच्या झाकणबंद ताटल्यांत बाटल्यांतले थेंब टाकले आणि एका ताटलीत अंगारा. "पाच दिवस थांबायचं. थेंबांतून काही उगवलं तर बाटल्या मातीत आणि तुम्ही घरी."

पाच दिवस ज्योतीरामला भाकरी गोड लागली नाही.

सहाव्या दिवशी बाईंनी बोलावलं. थेंबांच्या साऱ्या ताटल्या स्वच्छ होत्या. "अंगारा नळीच्या बाहेरच राहिला. सुटलात!" बाई म्हणाल्या. ज्योतीराम पोरासारखा रडला. मग डोळे पुसताना त्याला शेवटची ताटली दिसली. तिच्यात पांढरा कापूस फुटला होता, हिरवी मखमल पसरली होती, भंडाऱ्यासारखे पिवळे ठिपके उमटले होते.

"बाई, ह्ये कुठनं आलं?"

"होतंच. अंगाऱ्यात, हवेत, तुमच्या-माझ्या हातावर. दिसत नव्हतं इतकंच."

 इतकी वर्षं आपण श्वास घेतोय तो कशात, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. आपोआप त्याचे हात जोडले गेले.

घरी येऊन त्यानं आबाजींना पहिल्यापासून सगळं सांगितलं. "आबा, तुमी म्हंता ते खरं हाय. मुठीतली हवा रिकामी न्हाई. मी ह्या डोळ्यांनी पाह्यलं."

जन्मभर बोलत आलेले आबाजी लेकाजवळ सरकले. हळूच म्हणाले, "मला दावशील का रं?"

"बाईंना इचारतो," ज्योतीराम म्हणाला. "पर आबा, हात धुवून यावं लागंल."