तिसऱ्या खाचेचा पत्ता

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. संगणक म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर पडदा येतो. मला तो नाही, कळफलकही नाही. मी पातळ, जड, लोखंडी आहे. माझ्यासारखे आठ जण एका पेटीत उभे राहतात, फडताळात पुस्तके लावावीत तसे. प्रत्येकाला एकेक खाच. माझी तिसरी होती. आता नाही. आता मी भांडारातल्या फळीवर आहे आणि भंगाराची गाडी येईपर्यंत इथेच राहीन. तोवर तुम्हाला सांगतो, आणि सुरुवात करतो ती अगदी साध्या एका दिवसापासून.

भांडगावजवळ, सोलापूर रस्त्याला लागून एका दूध संघाचा प्रकल्प आहे. न्हावरे, निमोणे आणि अशाच कितीतरी गावांतल्या केंद्रांवर दूध मोजले की त्याचे लिटर आणि फॅट तारेवरून आमच्या पेटीत येत. पेटी सांभाळायचे हरिबा. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरे होती. हरिबा शिकले, आधी संघाच्या वजनकाट्यावर लागले, मग संगणकावर. न्हावऱ्याहून एसटीने चौफुल्याला उतरत, तिथून मिळेल त्या गाडीने येत. आल्यावर डबा आमच्या खोलीबाहेरच्या स्टॅबिलायझरवर ठेवत आणि मग आत येऊन आमच्या पंख्यांचा आवाज ऐकत. आजारी कोण आहे ते त्यांना बहुधा आवाजावरून कळे. कधी चुकतही असे.

त्या दिवशी पाचव्या खाचेतला सर्व्हर बंद पडला होता. हरिबांनी तो ओढून काढला, नवा बसवला आणि मेजावरच्या पडद्यावर काही निवडले. केंद्रे चालूच राहिली. शिपाई भैरू दारात उभा राहून बघत होता.

"हरिबा, यंत्र नवं घातलं, मग निमोण्याच्या केंद्रावरल्या पोपटरावला कसं कळंना?"

"तुझ्या चुलत्याची मेंढरं हायेत ना? म्होरकं बकरं मेलं तर त्याच्या गळ्यातली घंटा काय करता?"

"दुसऱ्याच्या गळ्यात बांधतो की."

"आन् मेंढरं?"

"ती जात्यात घंटंमागं. त्यांना काय, बकरं कंचं का असंना."

"तसंच हाय हे. हरेक यंत्राला कारखान्यातनंच त्याचा सोताचा पत्ता येतो. पन आपन तो वापरत न्हाई. आपन खाचंला पत्ता दिलाय. जो खाचंत बसंल त्याला तोच. बाहेरच्या तारा जिथनं आत येत्यात, तिथलं दारावरचं यंत्र तेवढेच पत्ते वळखतं, दुसऱ्याला आत घेत न्हाई."

भैरू हसला. "म्हंजी साहेब होऊन तुम्ही मेंढरंच राखताय की."

"राखतो की. पन ह्यांना चारा लागत न्हाई. आन् मी नसलो तरी घरी जात्यात." हरिबाही हसले. या व्यवस्थेचा त्यांना अभिमान होता. आपल्यावाचून काम अडता कामा नये, हे ते मनापासून म्हणत.

दुपार उलटल्यावर फोन वाजला. त्यांची मुलगी धनश्री पुण्यात मराठी घेऊन एम.ए. करत होती आणि वसतिगृहाजवळच्या बूथवरून रोज फोन करायची. तिचे बोलणे मला कधी ऐकू आले नाही. हरिबांचे यायचे.

"जेवलीस का?" त्यांचा पहिला प्रश्न हाच असे. नंतर, "बरं, बरं. लेक्चर हाय का? ठेव मग."

संध्याकाळी गाडी चुकेल म्हणून ते घाईने निघाले. डबा स्टॅबिलायझरवरच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चौफुल्याला उतरले, स्टँडच्या बाकावर बसले आणि उठले नाहीत. खोलीत ही बातमी भैरूने आणली. तो कुणाला सांगत होता कळले नाही. खोलीत आमच्याखेरीज कुणी नव्हते. त्या दिवशी निमोण्याचे दूध मोजले गेले. न्हावऱ्याचेही मोजले गेले, त्यांच्याच गावचे. पाचव्या खाचेतला नवा सर्व्हर न चुकता काम करत होता. कुठेही, काहीही अडले नाही.

संघाची एक जुनी रीत आहे. नोकरीत असताना माणूस गेला तर त्याच्या घरातल्या एकाला त्याच्या जागी घेतात. धनश्रीचा धाकटा भाऊ मल्हार अजून शाळेत होता. आई अनसाबाई कधी घराबाहेर नोकरीला गेल्या नव्हत्या. मग धनश्रीने एम.ए. अर्ध्यात सोडले आणि तीन आठवड्यांनी ती आमच्या खोलीत येऊन उभी राहिली. तीच खुर्ची, तोच फोन.

भैरूने कपाटातून डबा काढून तिच्या हातात दिला.

"तुमच्या आबांचा हाय, ताई. त्या दिशी भरल्यालाच ऱ्हायला व्हता. म्या धुऊन ठिवला."

"भरलेला?"

"व्हय. त्या यंत्रापायी त्यांला जेवायला कुठं घावलं."

तिने तो डबा घरी नेला. दुसऱ्या दिवसापासून त्यातूनच स्वतःचे जेवण आणू लागली.

सुरुवातीला फोन यायचे, "हरिबा हायेत का?" ती सांगायची, "ते वारले. मी त्यांची मुलगी." पलीकडचा माणूस हळहळायचा आणि मग केंद्राची अडचण सांगायचा. उन्हाळा संपेपर्यंत हळहळ संपली. पावसाळ्यात सगळे "मॅडम" म्हणू लागले. ती काम लवकर शिकली. सगळे तिची स्तुती करत. स्तुती झाली की ती पडद्याकडे तोंड फिरवून बसायची.

मित्रांनो, आम्हाला म्हातारपण लवकर येते. दिवाळीनंतर माझी स्मृती अधूनमधून बिघडू लागली. नवा सर्व्हर मागवला गेला. एका दुपारी धनश्रीने माझे काम थांबवले, मला तिसऱ्या खाचेतून ओढले आणि मेजावर ठेवले. पहिल्यांदाच मला आमची पेटी बाहेरून दिसली. माझ्या जागी नवा गेला, आणि त्याच्या तोंडाशी हिरवा दिवा लागला.

पडद्यावर दोन पर्याय होते. खाचेचा पत्ता, की सर्व्हरचा स्वतःचा. हरिबा नेहमी पहिला निवडत. धनश्रीने दुसरा निवडला. मला वाटले, चुकून झाले. पण तिने पुन्हा एकदा वाचले आणि तोच ठेवला. दारावरचे यंत्र आता नव्याला आत घेणार नाही आणि केंद्र अडेल, हे तिला ठाऊक होते. मग फोन स्वतःजवळ ओढून ती बसून राहिली.

फोन वाजायला फार वेळ लागला नाही. पोपटरावांचा आवाज इतका मोठा, की मेजावरही ऐकू येत होता.

"अहो मॅडम, मशीन बंद पडलंय हितं! माणसं क्यान घेऊन उभी हायेत. बोंबलत्यात नुसती."

"अच्छा. पोपटराव, पूर्वी कधी असं व्हायचं का?"

"काय?"

"बंद पडायचं का? आबा असताना?"

"काय की. ध्यानात न्हाई बगा. झालं आसंल कवातरी. तुम्ही तेवढं चालू करा, दूध नासंल."

ती फोन हातात धरून बसली होती. पलीकडे कुणीतरी क्यान आपटली, कुणीतरी शिवी दिली.

"पोपटराव, तुम्ही रोज बोलायचात त्यांच्याशी."

"व्हय की, लई चांगला माणूस. किती टाइम लागंल, मॅडम?"

"लगेच करते."

तिने पहिला पर्याय निवडला. नव्या सर्व्हरला तिसऱ्या खाचेचा पत्ता मिळाला. दारावरच्या यंत्राने त्याला ओळखले, म्हणजे मलाच ओळखले. थोड्याच वेळात निमोण्याचे आकडे आले, त्यांच्यामागून न्हावऱ्याचे. फोन पुन्हा वाजला नाही. ती तरीही त्याच्याकडे बघत बसली होती.

अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे सांगायची पद्धत आहे. मलाही सांगावेसे वाटते, पण मन धजत नाही. माझी काळजी हरिबांनी घेतली होती, धनश्रीने घेतली होती, तरी मी इथे आहे. काळजी घेतली म्हणून कुणी टिकतेच असे नाही. तरीही घ्या, मित्रांनो. दुसरे आपल्या हातात काय असते?

त्या दिवशी तिने मला भांडारात नेण्यासाठी उचलले. ओढणीच्या टोकाने माझ्यावरची धूळ पुसली. माझ्या कडेवर हरिबांनी खडूने काढलेला तीनचा आकडा होता. तोही त्या धुळीबरोबर पुसला गेला आणि ते तिच्या लक्षात नंतर आले. ती तशीच दारापर्यंत गेली. स्टॅबिलायझरवर डबा होता, तिचा, भरलेला. ती त्याच्यासमोर थांबली. पलीकडे भैरू झाडत होता, त्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती बोलली.

"आबा, तुम्ही जेवलात का?"