क्रीजच्या आत

"नो! मागं फिर!" सुबोध जिवाच्या आकांतानं ओरडला, पण इंद्रजीत तोवर अर्ध्या पिचच्या पुढं आला होता आणि मागं फिरायचं त्याच्या मनातही नव्हतं.

सुबोधनं ढकललेला चेंडू थेट कव्हरच्या हातात गेला होता. तिथं धाव नव्हतीच. पण षटक शेवटचं होतं, जिंकायला या चेंडूसकट चार चेंडूंत तीन धावा हव्या होत्या, आणि त्या धावा आपल्याच बॅटीतून निघाव्यात असं इंद्रजीतला वाटत होतं. तो धापा टाकत आला आणि सुबोधच्या शेजारी, त्याच क्रीजमध्ये बॅट टेकवून उभा राहिला. पलीकडचं टोक मोकळं पडलं.

"पळ की!" तो खेकसला.

कव्हरच्या हातून गडबडीत चेंडू निसटला होता. तो वाकून उचलेपर्यंत वेळ होता. सुबोधनं नुसतं क्रीज सोडून समोर धावत सुटायचं, स्टंप उडतील तेव्हा बाहेर तो असेल, आउट तो होईल आणि इंद्रजीत खेळत राहील. हे काही कुणी सांगायला नको होतं. इतकी वर्षं तो हेच करत आला होता.

इंद्रजीत संघाचा कप्तान, आणि ज्या शिक्षणसंस्थेचा हा संघ त्या संस्थेच्या अध्यक्षांचा, भाऊसाहेबांचा मुलगा. सुबोध त्याच संस्थेच्या कॉलेजात क्लार्क. पोरवयात एका सामन्यात त्याची बॅटिंग बघून भाऊसाहेबांनी त्याला नोकरीवर घेतलं, तेव्हा अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. पण नोकरी हंगामीच राहिली. दर मे महिन्यात ही स्पर्धा यायची आणि भाऊसाहेब पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "यंदा कप आणा, तुझं कायमचं बघू." आता चाळिशी उलटली, गुडघे कुरकुरू लागले, तरी सोलापूरच्या फुफाट्यात पॅड बांधून उभं राहायला तो नाही म्हणू शकत नव्हता. खेळ कधीकाळी आवडत होता, हेही त्याला आठवून आठवून आठवावं लागायचं.

आजही तो धावायला निघाला. पुढचं पाऊल उचललं आणि उजव्या पोटरीत असा गोळा आला, की डोळ्यांपुढं काजवे चमकले. पाय जागचा हलेना. बॅटवर भार देऊन तो होता तिथंच उभा राहिला, क्रीजच्या आत.

इंद्रजीतनं त्याच्याकडं पाहिलं. त्या नजरेत विनंती नव्हती, रागही नव्हता. सांगितलेला चहा अजून कसा आला नाही, असं माणूस दाराकडं बघतं, तसं तो बघत होता.

पलीकडं बेल्स उडाल्या. सुबोधनं क्रीज सोडलं नव्हतं, म्हणून अंपायरनं इंद्रजीतकडं बोट दाखवलं. इंद्रजीतनं बॅट जमिनीवर आपटली आणि जाता जाता दात आवळून म्हणाला, "सोमवारी बघू."

शेवटचा गडी म्हणून नंदीश आला. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला शिपाई, बॉलिंग तुफान, बॅटिंग देवाच्या भरवशावर. त्यानं सुबोधचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता खाली बसून त्याच्या बुटाचा चवडा वर दाबला.

"गोळा आलाय व्हय?"

"कुणाला सांगू नको."

"लांबनं बघणाऱ्याला वाटंल, लेस बांधतोय." नंदीश हसला. "सुबोधभाऊ, आता मारा की. घाबरायचं काय राह्यलंय?"

खरंच काय राहिलं होतं? पुढच्या चेंडूवर सुबोधनं दोन धावा लंगडत काढल्या. त्यानंतरचा चेंडू हुकला. शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी होती. समोरच्या, शहराच्या पूर्व भागातल्या क्लबचा बॉलर चनमल्लप्पा लांबून पळत आला. सुबोधनं डोळे मिटल्यासारखी बॅट फिरवली, चेंडू पॅडला लागून पायाशीच घुटमळला, आणि नंदीश ओरडत सुटला, "या, या, या!" सुबोध पळाला. कुणासाठी पळतोय हा विचार मनात आला नाही, अशी ती कित्येक वर्षांतली पहिली धाव असावी. विकेटकीपरचा थ्रो स्टंपला चाटून गेला, पण बेल पडली नाही.

कप इंद्रजीतनं घेतला. फोटोत सुबोध कडेला उभा होता. चनमल्लप्पा हात मिळवायला आला आणि हळूच म्हणाला, "अण्णा, आज जागा सोडला नाहीस, बरं केलास." सुबोधला लाज वाटली. आपण काय केलं हे त्याचं त्यालाच माहीत होतं.

सोमवारी भाऊसाहेबांचं बोलावणं आलं, तसा नंदीशनं त्याला जिन्यातच गाठलं.

"सरळ सांगा, पोटरीत गोळा आला. खोटं थोडंच हाय? म्या साक्ष देतो. लागलं तर आत येतो तुमच्यासंगं."

भाऊसाहेब रागावलेले नव्हते. त्यांनी समोरची खुर्ची दाखवली. "इंद्रजीत म्हणतो, तू मुद्दाम अडून राहिलास. मी त्याला म्हटलं, सुबोध तसा माणूस नाही. उन्हाचं काहीतरी झालं असेल. काय झालं नेमकं?"

सुटकेचं दार सताड उघडं होतं. नुसता पाय उचलायचा होता. सुबोधच्या ओठांवर शब्द आलेही. गोळा आला साहेब, नाहीतर मी पळालो असतो. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. आणि ते उच्चारलं, की आयुष्यभर पळत राहायचं, हेही खरं होतं.

"काही झालं नव्हतं साहेब," तो म्हणाला. "मी आत होतो. इंद्रजीत बाहेर होता."

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

"नातेपुत्याच्या आपल्या शाळेत क्लार्कची जागा रिकामी आहे. जूनपासून तिकडं जा. आणि कायमचं... ते आता पुढं बघू."

"बरं साहेब."

घरी बायकोनं, देवयानीनं सगळं ऐकून घेतलं. ताटात वाढायची भाकरी तिच्या हातातच राहिली.

"पोरीची, राजनंदिनीची यंदा बारावी. मी हितं, तुमी तिकडं. आन् गोळा तर आला होता की! मग सांगायला काय झालं होतं?"

"आला नसता तर मी पळालो असतो, देवयानी. म्हणूनच नाही सांगितलं."

तिला ते कळलं की नाही, कोण जाणे. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कडक भाकरी करायला बसली, शेंगाची चटणी कुटली, आणि तो नको म्हणत असतानाही दोन्ही डबे गच्च भरले.

जूनच्या पहिल्या सोमवारी ती त्याला सोडायला स्टँडवर आली. गाडीला मरणाची गर्दी. तिनंच पुढं घुसून खिडकीतून जागेवर रुमाल टाकला. सुबोध पिशव्या सांभाळत आत शिरला, तर पांढऱ्या कपड्यातला एक धिप्पाड गृहस्थ तो रुमाल बाजूला सारून ऐसपैस बसला होता. आजवरचा सुबोध असता, तर वरची दांडी धरून नातेपुत्यापर्यंत उभा राहिला असता.

"ही जागा माझी आहे," तो म्हणाला.

गृहस्थानं त्याला खालून वर न्याहाळलं. उठला नाही, पण कुरकुरत थोडा आत सरकला. उरलेल्या जागेत एक पाय वाटेत ठेवून सुबोध बसला, पिशव्या मांडीवर घेतल्या. खिडकीतून त्यानं बाहेर पाहिलं, तर डोक्यावर पदर ओढून देवयानी अजून तिथंच, उन्हात उभी होती.